काटे काढलेली काडी

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. झाडाची काडी मात्र एकदा बोटांखालून गेली की जन्मात विसरत नाही. ही फुशारकी नव्हे, धंद्याची खोड आहे. आमच्या खोलीच्या दारावर ‘वनस्पती ओळख कक्ष’ अशी पाटी आहे. आत एक लांब टेबल, दोन भिंगं, एक म्हातारा सूक्ष्मदर्शक आणि कधीच न उघडणारी खिडकी. आम्ही दोघी तिथे बसतो. सध्या दुसरी बाळंतपणाच्या रजेवर आहे, म्हणजे बसते मी, बघते मी, सही करते मी आणि लोकांच्या शिव्याही मीच खाते.

यंदा पांढरकाडीचा हुकूम निघाला आणि माझी मान टेबलावरून वर उठेना. पांढरकाडी हे बाहेरून आलेलं झुडूप. त्याची मुळं जमिनीखालून पळतात. आज ते भिंतीच्या अलीकडे असलं तर पुढच्या वर्षी पलीकडच्या घराच्या फरशीतून डोकं काढतं. म्हणून दिसेल तिथून मुळासकट उपटायचं, असा हुकूम. पंचाईत अशी की रानात तिची एक गरीब बहीण आहे, रानजाळी. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोघींची फळं काळी, दाणेदार, गोड. फळं समोर असती तर शाळेतल्या पोरानंही फरक सांगितला असता: रानजाळीचं फळ टोपीसारखं सुटून येतं, पांढरकाडीचं देठ धरून बसतं. पण वरच्यांनी हुकूम काढला तो फळांचा हंगाम उलटल्यावर. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

मग हातात उरलं काय, तर पान आणि काडी. माझी रीत ठरलेली आहे. आधी डोळे मिटून काडीवरून अंगठा फिरवायचा. रानजाळीचे काटे खाली वळलेले असतात, खालून वर जाताना बोटाला अडतात. पांढरकाडीला काटा नाही. तिच्या अंगावर पांढरट लेप असतो, नखानं खरवडला की निघतो. मग पान उलटं करायचं, दलं म्हणजे एका देठावरची पोटपानं मोजायची, शिरा बघायच्या. जुन्या, फळ धरून गेलेल्या काडीवर दोघींच्या पानांना तीन-तीन दलं असतात, पण रानजाळीची गोलसर आणि पांढरकाडीची लांबट, त्यामुळे फसायला होत नाही. यंदा फुटलेल्या नव्या काडीवर मात्र दोघींचीही पाच-पाच दलं, पाठ पांढरी, अगदी जुळ्या. नवी काडी आली की काटा आणि लेप एवढ्यावरच निवाडा. या खुणा लोकांना सांगायच्या नाहीत, असंही वरून आलं होतं. सांगितल्या तर लोक नमुन्यात फेरफार करतील म्हणून. फेरफार सापडला तर घरमालकाचा धंद्याचा परवाना रद्द, हे पाकिटावरच छापलं होतं.

माझ्याआधी या खुर्चीत एक गृहस्थ बसत. ओळखीच्यांची झुडपं त्यांना हमखास निर्दोष दिसायची. ते गेले आणि मी आले तेव्हा मी तीन नियम लिहून दिले. पाकिटावर फक्त आकडा, नाव-पत्ता विभाग कार्यालयात. सही झालेला नमुना ओळखणाऱ्यानं पुन्हा हातात घ्यायचा नाही. आणि पांढरकाडी ठरलेला नमुना त्याच दिवशी मागच्या पिंपात जाळायचा. साहेबांनी ते टाइप करून भिंतीवर लावले. मला त्या कागदाचा भारी अभिमान होता.

दोनशे बारा आकड्याचं पाकीट उघडलं आणि मी थबकले. लोक नमुना म्हणून काय वाट्टेल ते देतात. चुरगळलेलं, किडकं, एकानं तर बुटाच्या तळाला चिकटलेलं पान खरवडून दिलं होतं. ही काडी मात्र वीतभर, सरळसोट, पानं पुसलेली, बुडाला ओली चिंधी आणि चिंधीवर दोऱ्याची बारीक गाठ. किती नीटस माणूस असेल हा, असं मनात आलं. अंगठा फिरवला. गुळगुळीत. नखानं खरवडलं, पांढरट लेप निघाला. पाच दलं, पाठ पांढरी. भिंगाखाली काडीवर ओळीनं बारीक लंबगोल खुणा दिसत होत्या, त्या मला खटकल्या, पण टेबलावर अजून चौतीस पाकिटं होती. शेऱ्यात ‘किडीच्या खुणा’ असं लिहिलं, ‘पांढरकाडी’ लिहिलं, सही केली. चार मिनिटं लागली असतील. त्या खुणांवर मी आणखी एक मिनिट का घालवलं नाही, हे मी आता रोज स्वतःला विचारते.

पुढच्या सोमवारी कार्यालयात बाबांचा फोन आला. ते शिंपी आहेत, शहात्तर वर्षांचे. दुकान रस्त्यावर, मागे दोन खोल्या, त्यामागे चार पावलांचं परसू.

“तुला वेळ असेल तर येऊन जा गं,” ते म्हणाले. “विभागाचा कागद आलाय. परसातलं झुडूप गुरुवारी उपटणार म्हणतात. दोनशे बारा नंबर लिहिलाय.”

दोनशे बारा म्हणजे ती नीटस काडी, खाली माझी सही. बाबांचं झुडूप मला ठाऊक नव्हतं असं थोडंच! ती रानजाळी आहे, शंभर टक्के रानजाळी, हे मी झोपेतही सांगितलं असतं. म्हणूनच हुकूम निघाला तेव्हा त्यांना फोन करायचंही मला सुचलं नव्हतं.

त्या झुडपावर बेबीआत्या अवलंबून आहे, म्हणून आधी तिचं सांगते. आत्या बाबांची धाकटी बहीण, साठीची, पण तिला सगळे बेबीच म्हणतात. ती बोलत नाही. आपण बोललेलं तिला किती कळतं ते कुणालाच माहीत नाही. तिचे हात गप्प राहत नाहीत, ही खरी अडचण. हाताला लागेल ते ती उसवते: गिऱ्हाइकाचा कोट, उशी, काही नसलं तर स्वतःचे केस. आई गेल्यावर दिवसभर तिच्यापाशी बसायला कुणी उरलं नाही. तेव्हा बाबा तिची दोन्ही मनगटं कापडाच्या पट्टीनं खुर्चीला बांधून मशीनवर बसायचे आणि आत्या दुपारपर्यंत ओरडत राहायची. मी रविवारी गेले की तिच्या मनगटावरचे वळ बघायचे आणि बाबांना काही बोलायचे नाही; बोलून करणार काय होते? मग परसात हे झुडूप आपलं आपण उगवलं. आत्या एक दिवस त्याच्यापाशी जाऊन बसली ती बसलीच. काट्यांतून बोटं घालून वाळकी पानं वेचायची, एकेक काडी मोकळी करायची, दुपारी जेवून पुन्हा तेच. आम्ही हात घातला तर रक्त निघतं, तिला एक ओरखडा नाही. त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत पट्टी लागली नव्हती.

सोमवारी काम संपवून मी तडक तिकडे गेले. बाबांनी मला पाणी दिलं आणि कागद पुढे ठेवला.

“नमुना दिलात आणि मला सांगितलं नाहीत?” मी जरा चढ्याच आवाजात विचारलं.

“कशाला सांगायचं? कुणीतरी तक्रार केली होती, त्यांनी नमुना मागितला, मी दिला. उद्या लोक म्हणाले असते, शिंप्यानं पोरीकडून झाड पास करून घेतलं. आणि तू तरी काय केलं असतंस? जे आहे तेच लिहिलं असतंस. मग कुणी का बघेना.”

“फांदी कुठली दिलीत?”

“सगळ्यात चांगली. गिऱ्हाइकापुढे कुणी ठिगळ टाकतं का? यंदाचीच होती, कशी तरतरीत!” बाबा खुलले. “आणि साफ करून दिली हं. दोरे कापायची छोटी कात्री घेतली आणि एक-एक काटा बुडातून कापला. दीड तास लागला. मग वरून मेण चोळलं, दोऱ्याला लावतो ते. कापलेल्या जागा उघड्या राहायला नकोत आणि हाताला खरखर लागायला नको.”

मी कागदावरचा आकडा पुन्हा वाचला.

“शिवून दिलेल्या कपड्यात टाचणी राहिली तर तो शिंपी कसला?” ते म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांच्या दुकानातून टाचणी राहिलेला कपडा गेलेला नाही. कपडा दारातून बाहेर पडायच्या आधी ते प्रत्येक शिवणीवरून तळवा फिरवतात. “दर रविवारी तुझी बोटं बघतो ना मी, टोचून टोचून चाळण झालेली. म्हटलं, तिथे कुणाचीतरी लेकच बसली असेल. तिला कशाला टोचायला हवं?”

पाण्याचा पेला तोंडाला लावला तो मी बराच वेळ खाली ठेवला नाही. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, हे मी हजारदा ऐकलं होतं. पण एवढ्या मायेनं, दीड तास बसून, कात्री आणि मेण घेऊन कुणी आपल्याच झाडाचा घात करील, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. काटे नाहीत, वर लेप आहे, नवी काडी आहे. पांढरकाडी बनवायची ठरवून बसले असते तरी बाबांना इतकी हुबेहूब जमली नसती. परसात आत्या पाठमोरी बसली होती, तिची बोटं काट्यांमधून सावकाश चालली होती. मी बाबांना एवढंच म्हणाले, “बघते मी.”

मंगळवारी साहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि मी ‘दोनशे बारा पुन्हा बघायचाय’ म्हटल्याबरोबर भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

“नियम तुमचाच आहे, बाई. मी नुसता टाइप केला.”

“तो लबाड माणसांसाठी होता, साहेब. ते घर माझ्या वडिलांचं आहे.”

“तेव्हा तर नाहीच नाही. आणि बघणार काय? नमुना तुम्ही जाळलात.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला! तरी मी दार लोटून घेतलं आणि काट्यांचं, मेणाचं सगळं खरं खरं सांगून टाकलं. साहेबांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

“हे मी ऐकलं नाही,” ते म्हणाले. “ऐकलं तर मला लिहावं लागेल. लिहिलं तर तो फेरफार. हेतू बिचाऱ्याचा चांगला होता, हे लिहायला फॉर्मात जागा नाही. झाड वाचेल, दुकान जाईल. नवा नमुना हवा असेल तर शेजारच्या जिल्ह्यातला ओळखणारा बोलावतो, तुम्ही घरच्या पडता ना. तो सोमवारी येईल.”

“झाड गुरुवारी जाणार आहे.”

“विभागाला फोन करून बघतो.”

त्यांनी खरंच केला. विभाग म्हणाला, यादी ठेकेदाराकडे गेली. ठेकेदार म्हणाला, यादी विभागाची, आम्ही हुकमाचे ताबेदार. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. आणि पानं मोजण्याचा तर मला पगार मिळतो. बुधवारी मी स्वतः विभागात जाऊन अर्ज दिला. खिडकीतल्या बाईनं शिक्का मारला आणि उत्तर तीस दिवसांत मिळेल, असं अगदी गोड आवाजात सांगितलं. मी तिच्यावर ओरडले. नंतर माफी मागितली. तिनं माझं काय घोडं मारलं होतं?

या सगळ्यात सही माझी आहे, हे बाबांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कशी काय चुकलीस? आणि कारण कळलं असतं तर ते दुकानाला कुलूप लावून, स्वच्छ सदरा घालून, स्वतः जाऊन लिहून देणारे आहेत. दुकान गेलं की दोघांनी खायचं काय? मी त्यांना माझ्या घरी आणायचं म्हटलं तरी बाबा यायचे नाहीत, आणि आत्या चार दिवसही दुसऱ्या घरात राहू शकत नाही, हे आम्ही करून पाहिलं आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

गुरुवारी मी रजा टाकून सकाळीच गेले. दहाच्या सुमारास मुकादम चार माणसं घेऊन आला. कुदळी, फावडी, मोठ्या कात्र्या. बाबा गळ्यात टेप घेऊन झुडपापुढे उभे राहिले. आत्या त्यांच्यामागे जमिनीवर बसून आपलं काम करत होती. शेजारपाजारचे भिंतीवरून बघत होते.

“बाबा, बाजूला व्हा,” मुकादम नरमाईनं म्हणाला.

“होणार नाही. तुमच्यात कुणीतरी आंधळेपणानं शिक्का मारलाय. हे साधं रानातलं झुडूप आहे, बारा वर्षं बघतोय मी.”

मी पुढे झाले. “मुकादम, ओळख चुकली आहे. ही जुन्या काडीवरची पानं बघा. गोल आहेत. पांढरकाडीची लांबट असतात.” मी पान तोडून त्याच्या हातात दिलं. काट्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. जी एक गोष्ट शेंबड्या पोरालाही पटली असती, नेमकी तीच मला बाबांसमोर उच्चारता येत नव्हती. उच्चारली असती तर ते जागेवर बोलून गेले असते, आणि ऐकायला अख्खी गल्ली उभी होती.

मुकादमानं पान उलटंपालटं करून बघितलं. मग परत दिलं.

“मॅडम, मला पान ओळखता येत नाही. मला सही ओळखता येते.” त्यानं फाइलमधून कागद काढला. “दोनशे बारा. पांढरकाडी. खाली सही. तुम्ही त्याच कक्षातल्या ना? मग सांगा, ही कुणाची?”

बाबांनी हात पुढे केला. मुकादमानं कागद त्यांना दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, कागद लांब धरला, मग जवळ आणला.

“तुझी?”

“हो.”

मला वाटलं, ते आता चिडतील. चिडले असते तर किती बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी होती तशी घातली, मुकादमाला दिली आणि झुडपापासून दोन पावलं बाजूला झाले.

“माझ्या मुलीची सही आहे,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “उपटा.”

“बाबा, मी चुकले! खरंच चुकले.”

“चारचौघांत असं बोलू नये,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “नमुना मी दिला होता, माझ्या हातानं. तू तो नीट बघितलास ना?”

“बघितला.”

“हातात घेऊन?”

“हो.”

“मग कशी चुकशील?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पाच-सहा शब्दांचं. बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शंकाही नव्हती. त्यांनी बारा वर्षांच्या झुडपावरचा विश्वास काढून माझ्यावर ठेवला होता, आणि तो मला नको होता.

आत्याला मी उठवलं. ती सहजासहजी उठली नाही. तिला वाटलं मी खेळतेय. आत नेऊन मी तिला पाठीमागून घट्ट धरलं. पहिली कात्री चालली तेव्हा तिनं मान वळवली. मुळाला कुदळ लागली तेव्हा ती ओरडली. माणसं कामाला चोख होती, पाऊण तासात त्यांनी खड्डा हातभर खणला, मुळांचे तुकडे वेचले, पांढरी पावडर टाकली आणि फांद्या गाडीत भरल्या. एका माणसाच्या मनगटातून रक्त येत होतं. तो मुकादमाला म्हणाला, “या जातीला काटे फार आहेत बघा.” मुकादमानं एकदा माझ्याकडे बघितलं, काही विचारणार होता, मग फाइल काखेत मारून निघून गेला.

दुपारपर्यंत आत्यानं पडद्याची शिवण उसवली, दुकानातल्या एका सदऱ्याची बाही ओढून काढली आणि कानामागचे केस इतके उपटले की तिथे रक्ताचे ठिपके दिसायला लागले. मी तिचे हात हातात धरले की ती माझी बोटं उलटी पिरगाळायची. बाबा मशीनवर जाऊन बसले. त्यांनी जुना सुती बनियन फाडला, त्याच्या चार घड्या केल्या, वरून मऊ फडकं लावलं आणि पट्टी शिवायला घेतली. कडा आत दुमडल्या, म्हणजे रुतणार नाहीत. शिवून झाल्यावर शिवणीवरून तळवा फिरवला, दुसरी घेतली.

“काय म्हणतात गं त्याला?” मशीन थांबवून त्यांनी विचारलं. “तू लिहिलंस ते.”

“पांढरकाडी.”

“पांढरकाडी.” त्यांनी मान हलवली. “आणि आम्ही आपलं रानातलं साधंसुधं समजत होतो. फार वाईट असतं का ते?”

मी म्हणाले, “हो, बाबा. मुळं पसरतात. घरं पोखरतात.”

“मग गेलं ते बरंच झालं म्हणायचं.” ते पट्ट्या घेऊन उठले, आत्यापाशी खाली बसले आणि तिचं मनगट अलगद खुर्चीच्या हातावर ठेवलं. “ऐकलंस का, बेबी? ही सांगतेय. ते चांगलं झाड नव्हतं. हिला कळतं त्यातलं.”

आत्यानं ओरडणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. बाबाही बघत होते, हातात पट्टी धरून, मी काही म्हणेन म्हणून थांबलेले.

“हो, आत्या,” मी म्हणाले. “चांगलं नव्हतं.”